मंडळाची रोषणाई आणि घरचा मीटर: किती भार पेलवेल?

वाचकाचे पत्र: ‘आमचे घर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील एका गावात, चौकाला लागून आहे. गल्लीच्या गणेशोत्सव मंडळाला रोषणाईसाठी दरवर्षी आमच्याच घरातून वीज दिली जाते. मंडप घरापासून साधारण 60 मीटरवर आहे. यंदाची यादी अशी आहे: एलईडीच्या 40 माळा, 50 वॅटचे 6 एलईडी फोकस, मूर्तीसमोर 500 वॅटचे 2 हॅलोजन आणि कमानीवर 60 झिरो बल्ब. आमचा मंजूर भार 3 किलोवॅट, सिंगल फेज आहे. गेल्या वर्षी सोप्यातल्या सॉकेटचा 16 अँपिअरचा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) सारखा पडत होता, म्हणून एका कार्यकर्त्याने तेथे 32 चा बसवून दिला आणि मग तो पडायचा थांबला. घर जुने कौलारू असून वायरिंग लाकडी पट्टीवरचे आहे. लाईट गेली की मंडळाची मुले जनरेटर आणून त्याची वायर त्याच सॉकेटात लावतात. मामंजी म्हणतात, 200 युनिट फुकट आहेत, शिवाय देवाचे काम आहे, नाही कसे म्हणायचे? पण रात्री तो प्लग हाताला गरम लागतो आणि मला झोप येत नाही. किती दिवे लावले तर चालतील, याचा हिशोब कसा करायचा?’

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही विचारलेला हिशोब मी पुढे सविस्तर मांडतो. परंतु तुमच्या पत्रातील एक वाक्य असे आहे की त्याचे उत्तर आधी दिल्याशिवाय पुढचे काहीही लिहिणे योग्य होणार नाही. 16 चा एमसीबी काढून तेथे 32 चा बसवला आणि त्रास थांबला, असे तुम्ही लिहिले आहे. वास्तविक त्रास थांबलेला नाही, तो सांगणारा थांबला आहे. एमसीबीचे काम दिव्यांचे रक्षण करणे हे नसून, भिंतीवरून जाणाऱ्या वायरीचे रक्षण करणे हे आहे, आणि म्हणून त्याचा आकडा दिव्यांवरून नव्हे तर वायरीच्या जाडीवरून ठरवावा लागतो. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, जिला वायरमन ‘दीडची वायर’ म्हणतात, बंद पट्टीत किंवा पाइपात असताना साधारण 13 अँपिअर, अडीचची 18 आणि चारची 24 अँपिअर वाहून नेऊ शकते. घर जुने असल्याने वायर ॲल्युमिनियमची असण्याचीही शक्यता आहे, आणि तसे असेल तर हे आकडे आणखी खाली येतात. दुसऱ्या बाजूला, एमसीबीच्या भारतीय मानकानुसार, छापील आकड्याच्या 1.13 पट प्रवाह तासभर चालू राहिला तरी एमसीबी पडणे अपेक्षित नसते, आणि 1.45 पट झाला तर मात्र तो तासाभरात पडलाच पाहिजे. म्हणजे 32 चा एमसीबी 36 अँपिअरला तासभर स्वस्थ बसून राहील, आणि तेवढ्या वेळात 13 किंवा 18 अँपिअरसाठी असलेली वायर लाकडी पट्टीच्या आत तापत राहील. साध्या पीव्हीसी आवरणाची मर्यादा 70 अंश सेल्सिअस असते. त्यापुढे ते मऊ होते, मग ठिसूळ होऊन तडकते, आणि कौलारू घरात ही पट्टी वाशांच्या अंगावरूनच गेलेली असते. त्यामुळे मंडळाचा निर्णय काहीही होवो, तो 32 चा एमसीबी परवानाधारक वायरमनकडून काढून घ्या, वायरीची जाडी त्याच्याकडून पाहून घ्या, आणि वायर दीडची निघाली तर तेथे 16 चाही न बसवता 10 चा बसवायला सांगा.

आता हिशोबाकडे वळू. माळा किती, बल्ब किती ही गणती येथे कामाची नाही. प्रत्येक वस्तू किती अँपिअर घेते हे काढायचे आणि ते सर्व मिळवायचे. जुन्या प्रकारच्या, म्हणजे तार तापून उजेड देणाऱ्या दिव्यांसाठी वॅटला 230 व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. 500 वॅटचे 2 हॅलोजन म्हणजे 1000 वॅट, म्हणजे सुमारे 4.3 अँपिअर. झिरो बल्बच्या बाबतीत मात्र बहुतेक मंडळे फसतात, कारण नाव झिरो असले तरी जुना काचेचा झिरो बल्ब 15 वॅटपर्यंत वीज घेतो. एका बल्बने काही बिघडत नाही, परंतु कमानीवर 60 लावले की 900 वॅट झाले, म्हणजे 3.9 अँपिअर, आणि हा भार तुमच्या यादीत कोणी धरलाही नसेल.

एलईडीच्या बाबतीत हिशोब वेगळ्या कारणाने चुकतो. माळेवर 6 वॅट लिहिलेले असते आणि कागदावर 40 माळांचे 240 वॅट, म्हणजे जेमतेम 1 अँपिअर येतो. प्रत्यक्षात स्वस्त माळांचा पॉवर फॅक्टर बऱ्याचदा 0.5 च्या आसपास असतो. याचा अर्थ असा की उजेडासाठी लागणारी वीज तेवढीच असली तरी वायरीतून वाहणारा प्रवाह वॅटवरून काढलेल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट असतो, आणि वायर तापते ती प्रवाहाने. म्हणून पाकिटावर पॉवर फॅक्टर छापलेला नसेल तर एलईडीचे अँपिअर काढून त्यांची दुप्पट धरावी, असे मी सुचवतो. त्याप्रमाणे 40 माळा 2.1 अँपिअर घेतील आणि 50 वॅटचे 6 फोकस 2.6 अँपिअर. चांगल्या प्रतीच्या फोकसचा पॉवर फॅक्टर 0.9 च्या वर असतो आणि तेथे हा आकडा निम्म्याच्या जवळ येईल, पण हातात वस्तू नसताना जास्तीचा धरलेला बरा.

सर्व मिळून 13 अँपिअर होतात. 230 व्होल्टला 13 अँपिअर म्हणजे जवळजवळ नेमका तुमचा संपूर्ण मंजूर भार, 3 किलोवॅट. मंडळाने तो सगळा घेतला तर घरासाठी काहीच उरत नाही, आणि घर तर चालूच असते. फ्रिज, चार पंखे, टीव्ही आणि खोल्यांतले दिवे मिळून 3 अँपिअरच्या घरात जातात, आणि सायंकाळी कोणी 1 एचपीची मोटर सुरू केली तर ती चालताना 6 ते 7 अँपिअर घेते व सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या कितीतरी पट. गेल्या वर्षी एमसीबी पडत होता तो बिघडलेला नव्हता. सोप्यातल्या सॉकेटवर मंडळाचा भार आणि घरातले आणखी काही एकत्र येत होते, आणि तो त्याचे काम चोख करत होता. येथे आणखी एक नियम मी पाळतो: रोषणाईसारखा भार सलग पाच-सहा तास चालतो, म्हणून एमसीबीच्या आकड्याच्या 80 टक्क्यांपुढे तो जाऊ द्यायचा नाही. 16 च्या एमसीबीवर 12.8, 10 च्या एमसीबीवर 8 अँपिअर, ही मर्यादा धरा.

तुमचा गरम लागणारा प्लग हा या सगळ्याचा साक्षीदार आहे आणि त्याच्याकडे नीट पाहावे असे मला वाटते. दिवसा मेन स्विच बंद करून तो थ्री पिन बाहेर काढा. पिनांच्या मुळाशी तपकिरी डाग, सॉकेटच्या भोकाभोवती पिवळट किंवा फुगलेले प्लास्टिक, जळक्या बॅकेलाइटचा वास, यांपैकी एक जरी दिसले तरी तो प्लग आणि ते सॉकेट दोन्ही टाकून द्यावीत. सॉकेटमधली पितळी पकड सैल झाली की तेथे रोध निर्माण होतो. तो फक्त 0.1 ओहम असला तरी 13 अँपिअरला तेवढ्याशा जागेत 17 वॅट उष्णता तयार होते, म्हणजे रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची 25 वॅटची सोल्डरिंग गन त्या सॉकेटमध्ये रात्रभर लावून ठेवल्यासारखेच झाले. शिवाय तो 6 अँपिअरचा लहान सॉकेट असेल, तर त्यावर 13 अँपिअर घेणे पहिल्या दिवसापासूनच चुकीचे होते. प्लग न लावता वायरीची उघडी टोके सॉकेटात खुपसून वर काडेपेटीची काडी ठोकण्याची पद्धत अजूनही गल्लोगल्ली दिसते. ती तुमच्या घरात तरी होऊ देऊ नका.

दुसरा प्रश्न अंतराचा आहे आणि त्याचा विचार मंडळे जवळजवळ कधीच करत नाहीत. मंडप 60 मीटरवर आहे, परंतु वीज जाऊन परत येते, म्हणून वायरीची लांबी 120 मीटर धरायची. 1 चौरस मिलिमीटरच्या लवचिक तांब्याच्या वायरीचा रोध दर किलोमीटरला सुमारे 19.5 ओहम असतो, म्हणजे 120 मीटरला 2.3 ओहम. तिच्यातून 13 अँपिअर गेले तर 30 व्होल्ट वाटेतच संपतात, मंडपात 230 ऐवजी 200 व्होल्ट पोहोचतात, आणि जवळजवळ 400 वॅट उष्णता नुसती वायरीत निघते. मोकळ्या हवेत ताणलेली वायर ही उष्णता कशीबशी सोडते, पण उरलेली वायर गुंडाळी करून कोपऱ्यात ठेवली, किंवा ताडपत्रीखालून नेली, की ती तेथेच साठते. अडीचच्या वायरीतून 7 अँपिअर नेले तर हाच ऱ्हास 7 व्होल्टच्या आत राहतो, आणि तो चालण्यासारखा आहे.

हा 7 चा आकडा मी सहज घेतलेला नाही. दोन हॅलोजनच्या जागी 100 वॅटचे दोन एलईडी फोकस लावा, उजेड तितकाच पडेल. शिवाय हॅलोजनची काच इतकी तापते की थर्माकोलच्या मखराजवळ आणि कापडी पडद्याजवळ तो मुळातच नसावा, असे माझे ठाम मत आहे. झिरो बल्बच्या जागी त्याच होल्डरमध्ये बसणारे 1 वॅटचे एलईडी बल्ब लावा. मग, एलईडीची दुप्पट धरूनही, माळांचे 2.1, जुन्या फोकसचे 2.6, नव्या फोकसचे 1.7 आणि कमानीचे 0.5 मिळून 7 अँपिअरच्या आत सगळी रोषणाई बसते. दिसायला काहीही कमी झालेले नाही आणि भार निम्म्यावर आला आहे. मंडळाच्या मुलांना आधीचा आणि हा, असे दोन्ही हिशोब कागदावर शेजारी शेजारी मांडून दाखवा. ‘नको’ म्हणण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

माळा एकीला दुसरी अशा जोडत नेण्याची सवय मात्र मोडावी लागेल. चाळीस माळा एकाच सरीत जोडल्या तर पहिल्या माळेच्या केसाएवढ्या वायरीतून सगळ्यांचा प्रवाह जातो. किती माळा एकापुढे एक जोडता येतील हे चांगल्या पाकिटावर लिहिलेले असते. लिहिलेले नसेल तर मंडपात दोन-तीन ठिकाणी बोर्ड करून तेथून थोड्या थोड्या माळा वेगळ्या काढाव्यात.

मामंजींच्या 200 युनिटांबद्दल. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेतील फुकट युनिट आणि आपण वर काढलेला भार या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत: महिनाभरात वीज किती वापरली हे युनिट सांगतात, तर एका क्षणी वायरीतून किती वीज जात आहे हे अँपिअर सांगतात, आणि वीज फुकट असली तरी वायर तेवढीच तापते. त्यातही मूळ यादीचे 2440 वॅट (युनिट मोजताना एलईडीची दुप्पट धरायची नाही) रोज सहा तास, दहा दिवस चालवले तर 146 युनिट होतात. योजनेत तुमचे फुकट युनिट तुमच्या आधीच्या सरासरी वापरावर 10 टक्के धरून ठरलेले आहेत. त्याहून जास्त झाले तर जादा युनिटांचे पैसे पडतात, आणि महिन्याचा वापर 200 च्या वर गेला तर सगळेच बिल भरावे लागते. घरगुती जोडातून मंडळाला वीज देणे हे, ज्या कारणासाठी वीज मंजूर झाली त्याहून वेगळे कारण ठरते, आणि विद्युत कायदा 2003 च्या कलम 126 प्रमाणे त्याची आकारणी दुप्पट दराने होऊ शकते. मामंजींना हे सांगताना देवाच्या कामाला विरोध आहे असे वाटू न देता सांगता येईल, कारण विरोध नाहीच. उलट मंडपात शंभर माणसे आरतीला उभी असताना तेथील वीज पक्की असावी, हेच त्या कामाचे पहिले अंग आहे.

म्हणून माझा खरा सल्ला असा आहे की मंडळाने हेस्कॉम या वीज कंपनीकडे, जिला आपल्या भागातली वडीलधारी माणसे अजूनही केईबीच म्हणतात, स्वतःच्या नावाने तात्पुरत्या जोडासाठी अर्ज करावा. परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडून मंडपाचे वायरिंग करून घ्यावे आणि भार किलोवॅटमध्ये लिहून द्यावा, त्यासाठी वरचाच हिशोब उपयोगी पडेल. खांबावर आकडा टाकून वीज घेण्याचा विचारही कोणी मांडू नये. कलम 135 खाली तो विजेची चोरी ठरतो आणि पावसात तो जीव घेतो. मंडळ मोठे असेल आणि थ्री फेज घेतले, तर भार तिन्ही फेजवर सारखा वाटावा आणि न्यूट्रलची वायर फेजच्या वायरीइतकीच जाड ठेवावी, कारण स्वस्त एलईडीमुळे न्यूट्रलमध्ये प्रवाह एकमेकांना खोडत नाहीत, काही अंशी साठत जातात. न्यूट्रल सैल होऊन निसटला तर काही दिव्यांवर 230 ऐवजी 400 व्होल्टच्या जवळपास दाब येतो.

हा जोड मिळेपर्यंत, किंवा अगदी थोडी रोषणाई तुमच्या घरातून द्यायचीच झाली तर, सोप्यातल्या जुन्या सॉकेटमधून नव्हे, मीटरजवळच्या बोर्डातून वायरमनने स्वतंत्र लाइन काढावी: 10 चा एमसीबी, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळून जमिनीकडे जाऊ लागली की पुरवठा तोडणारा स्विच), आणि तेथून थेट मंडपापर्यंत अडीचची तीन कोरची केबल, अर्थिंगसह. एमसीबी वायरीला वाचवतो आणि आरसीसीबी माणसाला, आणि एकाने दुसऱ्याचे काम होत नाही. आपल्याकडे गणेशोत्सव भर पावसात येतो. खानापूरच्या बाजूला तर भाद्रपदातही सरीवर सर चालू असते. त्यामुळे लोखंडी पाइपांची कमान आणि पत्र्याचा मंडप यांना अर्थिंग जोडलेले असलेच पाहिजे. पिळून वर काळी टेप गुंडाळलेला सांधा पावसात दोन दिवसही टिकत नाही. सांधे पाणी न शिरणाऱ्या बंद डब्यात, डोक्याच्या उंचीवर घ्यावेत, आणि डब्यात जाण्याआधी केबलला खाली झोळ द्यावा म्हणजे केबलवरून ओघळणारे पाणी डब्यात न शिरता त्या झोळावरून गळून जाईल. पाऊस आला की आरसीसीबी पडू लागला तर तो काढून टाकण्याची घाई मुले करतील. तो पडतो याचा अर्थ कुठेतरी वीज पाण्यातून किंवा लोखंडातून जमिनीकडे जात आहे, आणि तो सांधा शोधणे हेच त्याचे उत्तर आहे. कमान उभारताना वरून जाणाऱ्या तारांकडेही पाहावे. 11 हजार व्होल्टच्या लाइनपासून इमारतीचे अंतर नियमानुसार वर 3.7 मीटर आणि बाजूला 1.2 मीटर लागते, आणि कमानीसाठी यापेक्षा कमी अंतर मी कधीच मान्य करणार नाही.

जनरेटरची वायर घरातल्या सॉकेटात लावणे आजपासूनच बंद झाले पाहिजे. लाईट गेलेली असताना तुमच्या सॉकेटातून आत शिरलेली वीज मेन स्विच चालू असल्यास मीटरमधून उलटी बाहेर जाते, ट्रान्सफॉर्मरवर चढून 11 हजार व्होल्ट होते, आणि लाइन बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या लाइनमनच्या हाताला लागते. शिवाय लाईट परत आली की जनरेटर जळतो. जनरेटर वापरायचा तर मधे चेंजओव्हर स्विच हवा, म्हणजे एका वेळी एकच वीज येऊ शकेल. तो नसेल तर रोषणाई तेवढा वेळ बंद राहू द्यावी.

सगळे बसवून झाले की प्रतिष्ठापनेच्या आदल्या सायंकाळी पूर्ण रोषणाई तासभर चालवून पाहा. वायरमनला क्लॅम्प मीटर आणायला सांगा, शक्यतो ट्रू आरएमएस प्रकारचा, कारण साधा मीटर एलईडीच्या प्रवाहाला कमी दाखवतो. मीटरचा चिमटा फक्त फेजच्या एका वायरीभोवती घालायचा असतो. दोन्ही वायरी एकत्र धरल्या तर जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांना खोडून आकडा शून्याजवळ येतो आणि सगळे समाधानाने घरी जातात. एमसीबीजवळ आलेला आकडा 8 च्या आत असेल तर ठीक. त्याच्या वर गेला तर आधी जास्त वॅटचे फोकस कमी करा, माळा नंतर. तासाभराने मेन बंद करून प्लग, बोर्डाचे स्क्रू आणि केबलचे प्रत्येक टोक हाताने तपासा. कोमट लागले तर स्क्रू आवळून पुन्हा तासभर चालवून पाहा, आणि बोट ठेववत नसेल तर तेवढा भाग बदलल्याशिवाय रोषणाई सुरू करू नका. मिळालेला आकडा आणि तारीख खडूने बोर्डावर लिहून ठेवा, म्हणजे चौथ्या दिवशी कोणी हौसेने आणखी दोन फोकस आणले तर किती जागा उरली आहे ते तेथेच दिसेल. हेस्कॉमच्या तक्रारीचा 1912 हा क्रमांकही त्याच्या शेजारी लिहा.